सगळे पत्ते भारी, तरी हरतोय : क्लॅश रोयालचा डेक कोणी बघून देता का?

किलवर_दुर्री

क्लॅश रोयाल (मोबाइलवर पत्ते टाकून समोरच्याचे टॉवर पाडायचा खेळ) खेळणारे इथे बरेच दिसतात म्हणून विचारतोय. गेले तीन आठवडे एकाच जागी घुटमळतोय. चार जिंकतो, पाच हरतो, पुन्हा चार जिंकतो.

डेक, म्हणजे निवडलेले आठ पत्ते, असा आहे : पेक्का, मेगा नाइट, विझर्ड, विच, प्रिन्स, बलून, गॉब्लिन गँग, लाइटनिंग. यातला एकही पत्ता लेचापेचा नाही, सगळे जीव लावून वाढवलेत. तरी समोरचा काहीतरी किरकोळ किडूकमिडूक टाकतो, मग तो डुकरावर बसलेला हॉग रायडर सोडतो आणि माझा टॉवर जातो. वर खदाखदा हसणाऱ्या राजाचा इमोजी पाठवतो तो वेगळाच.

चुकतंय काय? लेव्हल कमी पडतेय का?

ढकलपंच

लेव्हलच. दुसरं काय असणार? आठही पत्ते एक लेव्हल वर ने, आपोआप सुटशील. तोवर वरच्या खेळाडूंचा एखादा डेक जसाच्या तसा उचल. स्वतःचा डेक बनवायच्या भानगडीत पडूच नये, या मताचा मी आहे.

इस्पिकराणी

दुर्री, लेव्हलचं नंतर बघू. आधी बेरीज करा, प्रत्येक पत्ता टाकायला लागणाऱ्या इलिक्सिरच्या थेंबांची (हे इंधन आपोआप भरत राहतं). ७ + ७ + ५ + ५ + ५ + ५ + ३ + ६ = ४३. भागिले आठ, म्हणजे सरासरी जवळजवळ ५.४. नाकापेक्षा मोती जड.

आता याच्यापुढची एक गोष्ट सांगते, जी सरासरीत दिसत नाही. इलिक्सिरच्या पट्टीत मावतात दहा थेंब. तुमच्या आठ पत्त्यांच्या एकूण जोड्या होतात अठ्ठावीस. पट्टी काठोकाठ भरलेली असताना, दोन्ही पत्ते लागोपाठ टाकता येतील अशा किती? मी कागदावर मांडल्या. तेरा. आणि त्या तेरापैकी सात जोड्यांमध्ये एक पत्ता गॉब्लिन गँग आहे. म्हणजे गँग हातात नसली की तुमचा डेक एका वेळी एक पत्ता खेळतो, फार तर पाच-पाचवाले दोन, आणि मग हात बांधून बघत बसतो.

समोरचा दोन लेनमध्ये (डाव्या-उजव्या वाटांवर) खेळतोय आणि तुम्ही एका वेळी एकाच जागी उभे. लेव्हल वाढवली तरी ही बेरीज बदलत नाही.

एखादा हरलेला रिप्ले बघून तो सेकंदासकट इथे लिहाल का? बॅटल लॉगमध्ये असेल. (लॉग नावाचा ओंडक्याचा पत्ता आहे, तो नव्हे. मागे एकाने खरंच ओंडक्याची माहिती लिहून पाठवली होती.)

बदाम_सत्ती

जोड्यांचं गणित आवडलं. आजवर सरासरीच बघत होतो.

किलवर_दुर्री

राणी, अहो-जाहो नको, मी लहानच असेन.

रिप्ले पुन्हा पाहिला. समोर हॉग रायडरवाला. पट्टी भरली तरी मी पाचेक सेकंद वाट बघत होतो, तो आधी काय टाकतो ते कळावं म्हणून. त्याने काहीच टाकलं नाही. मग घड्याळात २:४१ उरले असताना मी पेक्का थेट नदीवरच्या पुलावर डाव्या लेनमध्ये टाकली. उरले ३. त्याने आइस गोलेम मधोमध टाकला, पेक्का त्याच्यामागे वळली. त्याच क्षणी त्याने उजवीकडून हॉग सोडला. माझ्या हातात विझर्ड, प्रिन्स, बलून आणि विच. सगळे पाचवाले. दोन थेंब यायची वाट बघेपर्यंत हॉगने टॉवरवर हातोडा घातला. प्रिन्स टाकला तोवर दुसराही घाव बसला होता. पेक्का पलीकडे स्केलेटन्स आणि कॅननच्या नादात दोन्ही टॉवरांचे बाण खात मेली. तिचा एकही वार टॉवरला लागला नाही.

इस्पिकराणी

छान लिहिलंस. आता याचा हिशेब लावू.

पहिल्या दोन मिनिटांत एक थेंब यायला २.८ सेकंद लागतात. भरलेली पट्टी घेऊन तू पाच सेकंद बसलास, म्हणजे पावणेदोन थेंब सांडले. ते मोजले तर तू ७ ची नाही, जवळजवळ ९ ची पेक्का खेळलास. मग उरले ३ आणि हातातला सगळ्यात स्वस्त पत्ता ५ चा. मधले दोन थेंब म्हणजे ५.६ सेकंद, वर पत्ता जमिनीवर उभा राहायला लागणारा सेकंदभर. हॉग रायडर पळतो कसा ते माहीतच आहे. तेवढ्यात तो येतो, घाव घालतो, वर हसायलाही त्याला वेळ मिळतो.

त्याचा खर्च बघ. आइस गोलेम २, स्केलेटन्स १, कॅनन ३. सहा थेंबांत त्याने तुझी सातची पेक्का गिळली आणि वर चार थेंबांत टॉवर फोडायला लागला. त्यातही कमाल त्या आइस गोलेमची. स्वतःच्या किंग टॉवरपुढे (मधला मोठा टॉवर) मधोमध टाकला की पेक्का त्याच्यामागे आडवी चालत जाते, आणि चालताना दोन्ही बाजूंच्या प्रिन्सेस टॉवरांच्या टप्प्यात येते. मारत त्याचे टॉवरच होते, गोलेमने तिला फक्त फिरवून आणलं.

तू किडूकमिडूक म्हणालास ना, ते हे.

हुकूमशहा

समोरचा डेक म्हणजे २.६ हॉग सायकल, सरासरी २.६ थेंबांचा, पत्ते भराभर फिरवणारा. हॉग रायडर ४, मस्केटियर ४, फायरबॉल ४, कॅनन ३, आइस गोलेम २, लॉग २, आइस स्पिरिट १, स्केलेटन्स १. एकूण २१. हाडं मोडून घ्यायची असतील तर हा डेक महिनाभर खेळून बघावा.

त्यातली खरी मेख सांगतो. हातात चार पत्ते, रांगेत चार. जो पत्ता टाकला तो रांगेच्या शेपटाला जातो, म्हणजे तो परत हातात यायला आणखी चार पत्ते टाकावे लागतात. २.६ मधले सगळ्यात स्वस्त चार पत्ते मिळून होतात सहा थेंब. सहा आणि हॉगचे चार, दहा. म्हणजे एक भरलेली पट्टी संपली की पुढचा हॉग दारात. सेकंदात मोजला तर दर २८ सेकंदांनी एक, तेही इलिक्सिर दुप्पट व्हायच्या आधी.

आता तुझं बघू. पेक्का टाकलीस की ती परत यायला तुझे सगळ्यात स्वस्त चार पत्ते म्हणजे ३ + ५ + ५ + ५ = १८. वर तिचे ७. पंचवीस थेंब, ७० सेकंद. पहिल्या दोन मिनिटांत पेक्का तुला फार तर दोनदा दिसणार आणि हॉग चार-पाच वेळा. हरतोयस यात नवल नाही, चार जिंकतोस कसे याचंच मला कौतुक वाटतंय.

ढकलपंच

मग २.६ च उचल ना. मी तेच म्हणत होतो.

हुकूमशहा

ढकलपंच, २.६ उचलून पहिल्याच दिवशी जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. त्या डेकमध्ये चूक पोटात घालेल असा एकही पत्ता नाही. कॅनन एक चौकोन चुकीचा पडला तर हॉग त्याच्याकडे वळत नाही, स्केलेटन्स अर्धा सेकंद उशिरा टाकले तर प्रिन्सचा भाला थेट टॉवरवर. दुर्रीला जड पत्ते आवडतात. त्याला धाकट्या पत्त्यांचा डेक देणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने लिहायला लावण्यासारखं.

वाचनमात्र

एरवी लिहीत नाही, पण राहवलं नाही. मी आधी हार्थस्टोन खेळायचो. तिथे डेक ३० पत्त्यांचा, म्हणजे दोन-चार हौसेचे पत्ते ठेवले तरी खपून जातात, कित्येक सामन्यांत ते हातातही येत नाहीत. मार्व्हल स्नॅपमध्ये बारा. इथे आठ. एक पत्ता चुकला की साडेबारा टक्के डेक चुकला, आणि तो वारंवार हातात येऊन जागा अडवणार. इथे हौसेला जागा नाही असं नाही, पण एकाच पत्त्याची. दुर्रीच्या डेकमध्ये सात हौशी आहेत आणि काम करणारी एकटी गॉब्लिन गँग.

बदाम_सत्ती

वरातीत सगळेच नवरदेव :)

किलवर_दुर्री

हसा. पण खरंय.

पेक्का मात्र सोडणार नाही. बाकीचे बदलायला तयार आहे. कुठून सुरू करू?

इस्पिकराणी

पेक्का ठेव. तीच तुझी हौस समज. बाकी सात जणांना मी एकच प्रश्न विचारते : तू नसलास तर कोणापुढे मी हतबल होते? उत्तर आलं नाही तर तो पत्ता बाहेर.

मेगा नाइट. तो नसेल तर कोणापुढे अडतं? कोणापुढेच नाही, कारण जमिनीवरचं जड काही आलं तर पेक्का आहेच. एकाच कामाला दोघं, आणि दोघंही सात-सातचे. गेला.

विझर्ड आणि विच. दोघांचं काम एकच, झुंडी झोडायच्या आणि हवेतलं मारायचं. शेजारीशेजारी उभे राहिले तर एका लाइटनिंगमध्ये दोघंही संपतात. हवेतलं मारायला तुझ्याकडे हे दोघं आणि गँगमधले भालेवाले गॉब्लिन, बस्स. लाव्हा हाउंड आणि बलून घेऊन कोणी आलं की तू रडत असशील, पैज लावते. त्यांच्याऐवजी मस्केटियर ४ आणि मेगा मिनियन ३. मेगा मिनियन उडतो, दणकट आहे आणि पेक्काच्या डोक्यावरून चालत तिची राखण करतो.

प्रिन्स चांगला, पण त्याची धाव रोखणं कोणालाही जमतं. आणि तो समोर दिसेल त्याच्याशी भांडत बसतो, टॉवरकडे जाईलच असं नाही. बलूनबद्दल पुढच्या प्रतिसादात, तिथे माझं आणि हुकूमशहाचं पटणार नाही.

लाइटनिंग सहाचं. त्याऐवजी फायरबॉल ४. आणि छोटा स्पेल (जादूचा पत्ता) तुझ्याकडे एकही नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. झॅप घे, २ चा.

बदाम_सत्ती

झॅप की लॉग? लॉगने तर गॉब्लिन बॅरल आणि प्रिन्सेस हे दोन्ही पत्ते साफ होतात.

इस्पिकराणी

सायकलवाल्याला लॉग, पेक्कावाल्याला झॅप. कारण इन्फर्नो टॉवर, हा इमारतीचा पत्ता. त्याची आग जितका वेळ एकाच लक्ष्यावर राहील तितकी वाढत जाते, आणि पेक्काइतकं निवांत लक्ष्य त्याला दुसरं मिळत नाही. झॅप मारला की ती आग पुन्हा पहिल्यापासून. इन्फर्नो ड्रॅगनचंही तेच, आणि तो उडतो, लॉग त्याला लागतच नाही. ७ ची पेक्का वाचवायला २ थेंब हातचे राखायचे. राखायचे म्हणजे खरंच राखायचे, गॉब्लिन दिसले की उडवून टाकायचे नाहीत.

हुकूमशहा

बलूनचं मीच बोलतो. मी म्हणेन ठेव. डेकला एक पत्ता असा लागतो की ज्याची नजर फक्त टॉवरवर. इंग्रजीत ज्याला विन कंडिशन म्हणतात, आपण घाव घालणारा म्हणू. पेक्का ते काम करत नाही, तिला कोणीही एक थेंबाच्या स्केलेटन्सनी गुंतवतं. बलून वाटेतल्या कोणाकडेही बघत नाही, आणि पोचला तर मेल्यावरही बॉम्ब टाकून जातो.

इस्पिकराणी

घाव घालणारा हवा, मान्य. बलून नको. पेक्का ७, बलून ५, बारा. पुन्हा तेच दुखणं. त्याच्याजागी बॅटल रॅम ४ चा. तोही फक्त इमारतींकडे धावतो, फुटला तर आतून दोन बार्बेरियन बाहेर पडतात, म्हणजे रोखला तरी समोरच्याला आणखी काहीतरी खर्चावं लागतं. आणि पेक्काशी त्याचं जमतं. दोघं एका लेनमध्ये असोत की दोन वेगळ्या, समोरच्याला ठरवावं लागतं की आधी कोणाला आवरायचं.

हुकूमशहा

बलूनला रोखायला हवेतलं मारणारा पत्ता लागतो. रॅमला रोखायला कॅननही पुरतो. माझं मत बदललं नाही. पण दुर्रीच्या पट्टीला बलून झेपणार नाही हे कबूल.

किलवर_दुर्री

मग असा झाला : पेक्का ७, बॅटल रॅम ४, मस्केटियर ४, फायरबॉल ४, मेगा मिनियन ३, गॉब्लिन गँग ३, झॅप २. सातच झाले.

इस्पिकराणी

आठवा आइस स्पिरिट, १ चा. उडी मारतो, क्षणभर सगळ्यांना गोठवतो, मरतो. एवढंच. बेरीज २८, सरासरी ३.५. दहात न बसणाऱ्या जोड्या आता फक्त तीन : पेक्का-रॅम, पेक्का-मस्केटियर, पेक्का-फायरबॉल. अठ्ठावीसपैकी पंचवीस खुल्या.

आणि हुकूमशहाचा हिशेब इथेही लावते. सगळ्यात स्वस्त चार : १ + २ + ३ + ३ = ९. पेक्काचे ७. सोळा थेंबांत पेक्का परत, आधी पंचवीस लागत होते.

ढकलपंच

हे सगळं ठीक. पण मस्केटियर, रॅम, मेगा मिनियन याच्याकडे वाढवलेले असतील का? कागदावर छान डेक घेऊन तीन लेव्हल खाली असलेली मस्केटियर उतरवली तर तिला एकट्या फायरबॉलने मारतील. बरोबरीच्या लेव्हलला ती त्यातून थोडक्यात वाचते, तेच तर तिचं मोल.

इस्पिकराणी

पहिल्यांदा पटलं तुझं. लेव्हलचा खरा मुद्दा हाच आहे. समान लेव्हलला एखादा पत्ता कशातून वाचतो आणि कशात मरतो याचे ठरलेले हिशेब असतात, लेव्हल घसरली की ते मोडतात. म्हणून दुर्री, आठही एकदम वाढवू नकोस. आधी फायरबॉल आणि झॅप, कारण स्पेल एका लेव्हलने कमी पडला तर ज्याला मारायचं तो चिमूटभर जीव घेऊन उभा राहतो. मग मस्केटियर. आइस स्पिरिट सगळ्यात शेवटी, गोठवायला त्याला मोठं व्हावं लागत नाही.

वाचनमात्र

एक अनुभव. मी एका महिन्यात तीन डेक बदलले. दर वेळी वाटायचं, हाच तो. सोनं संपलं, चोवीस पत्ते अर्धवट वाढवून बसलो, एकही डेक धड नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. त्यामुळे जो ठरवशील त्याला निदान पन्नास सामने दे. आणि ते सामने लॅडरवर (ट्रॉफीसाठी) खेळण्याआधी क्लॅनमधल्या कोणाशी मैत्रीचे दहा-पंधरा खेळ, तिथे ट्रॉफी जात नाहीत.

किलवर_दुर्री

मेगा मिनियन आणि झॅप वाढवलेले आहेत, मस्केटियर दोन लेव्हल खाली. रॅम ठीक. उद्यापासून सुरू करतो. पेक्का सुरुवातीला टाकायची की नाही, तेवढं सांगा.

हुकूमशहा

पहिला पत्ता म्हणून कधीच नाही. समोरचा काय खेळतो ते माहीत नसताना सात थेंब टेबलावर ठेवायचे नाहीत. पट्टी भरत आली आणि त्याने काहीच टाकलं नाही, तर आइस स्पिरिट नाहीतर गँग मागे टाक, थेंब सांडू नकोस. तुझ्या त्या पाच सेकंदांवर हाच उपाय होता, पण तेव्हा तुझ्याकडे टाकायला स्वस्त काही नव्हतंच.

इस्पिकराणी

आणि टाकशील तेव्हा पुलावर नाही, किंग टॉवरच्या मागे. ती हळू चालते हे दुखणं वाटतं, पण तीच सोय आहे. पुलाशी पोचेपर्यंत खर्चलेले बरेचसे थेंब परत आलेले असतात. पुलावर ती टाकायची फक्त एकाच वेळी : समोरच्याने नुकतेच सहा-सात थेंब उधळलेत हे तू मोजलं असशील तर. मोजलं नसेल तर नाही.

बदाम_सत्ती

दुसऱ्याचे थेंब खरंच कोणी मोजतं? मला माझे दिसत असून चुकतात.

हुकूमशहा

सगळे नाही मोजत. एकच गोष्ट लक्षात ठेवायची : त्याचा सगळ्यात महाग पत्ता पडला की मनात लाल दिवा लावायचा, आणि तिथून त्याने चार पत्ते टाकेपर्यंत तो परत येणार नाही एवढं धरून चालायचं. थेंबांपेक्षा पत्ते मोजणं सोपं आहे.

किलवर_दुर्री (आठ दिवसांनी)

हजेरी लावतो. पन्नास झाले नाहीत, एकतीस झाले. सतरा जिंकले, चौदा हरले. चौदातले पहिले सात ओळीने. तेव्हा तुम्हा सगळ्यांना मनातल्या मनात बरंच काही बोललो.

काल पुन्हा एक हॉगवाला भेटला. पेक्का मागून सोडली, त्याने तोच आइस गोलेम मधोमध आणला आणि उजवीकडून हॉग. या वेळी हातात गँग होती. टॉवरपुढे टाकली, हॉगचा एक घाव बसला आणि तो संपला. त्याने गँगवर लॉग फिरवला, पण तोवर हॉगचं झालं होतं. त्याचा लॉग गेला हे दिसल्यावर डावीकडून रॅम सोडला. पेक्का तोवर गोलेमच्या मागे फिरून परत रस्त्याला लागली होती. कॅनन पेक्काकडे पडला. रॅम टॉवरला जाऊन धडकला, बार्बेरियन निघाले, आणि त्यांना झाडायला त्याच्याकडे लॉग नव्हता. टॉवर पडला. मी हसणारा राजा पाठवला नाही. (पाठवला. एकदाच.)

एक कबुली द्यायची आहे. मस्केटियर काढून विच परत घेतलीय. तिची लेव्हल जास्त आहे आणि मला ती आवडते.

इस्पिकराणी

हौसेला एकच जागा, असं ठरलं होतं. विच नाहीतर पेक्का, बोल.

किलवर_दुर्री

मस्केटियरसाठी सोनं साठवतोय. दोन लेव्हल. तोवर चालवून घ्या.

ढकलपंच

मी म्हणालो होतो, लेव्हल.